फ्रोडोचा ६ ऑक्टोबर

पायवाट | ६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

आज सहा ऑक्टोबर. टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ज्यांनी पुस्तकातून वाचलंय त्यांच्यातल्या काहींना ही तारीख लगेच कळेल. वेदरटॉप टेकडीखालच्या खळग्यात, रात्रीच्या वेळी, दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोच्या, म्हणजे हॉबिट या ठेंगू जमातीतल्या नायकाच्या, डाव्या खांद्यात शत्रूचा जादूचा 'मॉर्गुल' सुरा घुसला तो हा दिवस. सुऱ्याचं टोक आत मोडून राहिलं आणि हृदयाच्या दिशेने सरकत राहिलं. रिव्हेन्डेलला पोचल्यावर तिथल्या एल्फ अधिपतीने, एलरॉन्डने, ते शोधून काढलं. फ्रोडोने ते सतरा दिवस अंगात बाळगलं होतं.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. होस्टेलच्या खोलीत, रात्र-रात्र जागून. शेवटच्या भागात नऊ प्रकरणं आहेत आणि अंगठी तिसऱ्याच प्रकरणात ज्वालामुखीत पडते. पुढची सहा प्रकरणं मी तेव्हा भराभर उलटली. लढाई संपली, आता निरोपानिरोपी, असं वाटलं. यंदा पावसाळ्यात पुन्हा वाचायला घेतलं आणि या वेळी त्या सहा प्रकरणांतच अडकलो. शेवटी परिशिष्टातली कालगणना उघडून तारखा वहीत उतरवून काढल्या. त्या इथे मांडतो, कारण सलग वाचल्याशिवाय हे दिसत नाही.

जखमेला बरोबर एक वर्ष होतं, सहा ऑक्टोबरला, तेव्हा सगळे घरी परतत असतात. नदीच्या उतारावर फ्रोडो थांबतो. सोबतचा जादूगार गॅन्डाल्फ विचारतो, दुखतंय का? तो म्हणतो, हो, खांदा दुखतोय, आणि त्या अंधाराची आठवण जड झालीये, आज वर्ष झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो पुन्हा हसायला-बोलायला लागतो. जणू काही आदला दिवस उगवलाच नव्हता.

मग पुढच्या वर्षीचा तेरा मार्च. शेलॉब या महाकाय मादी कोळ्याने त्याला डंख मारला त्याची वर्षपूर्ती. मोहिमेत कायम सोबत राहिलेला सॅम तेव्हा झाडं लावायच्या कामाला बाहेरगावी गेलेला. शेतकरी कॉटनला फ्रोडो अंथरुणात पडलेला सापडतो, गळ्यातला पांढरा खडा मुठीत आवळलेला. सगळं कायमचं गेलं, आता सगळं काळोखं आणि रिकामं आहे, असं काहीतरी तो अर्धवट शुद्धीत बोलत असतो. सॅम पंचवीस तारखेला परततो तोवर हा बरा झालेला. आणि तो सॅमला काहीही सांगत नाही.

पुन्हा ऑक्टोबर. सॅम अभ्यासिकेत येतो तर फ्रोडो पांढराफटक, डोळे कुठेतरी लांब लागलेले. म्हणतो, मी जखमी आहे, ही जखम खरी कधी भरणार नाही. आणि इथे टॉल्किन एक वाक्य टाकतो ज्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो: आज तारीख कुठली होती हे सॅमला नंतर आठवलं. ज्या सॅमने त्याला अक्षरशः पाठीवर घेऊन डोंगर चढवला, त्यालाही त्या दिवशी तारीख आठवली नव्हती.

पुढचा मार्च. फ्रोडो पुन्हा आजारी. या वेळी तो मुद्दाम, खूप कष्टाने लपवतो, कारण सॅमच्या घरी बाळ येणार आहे. एलानोर पंचवीस मार्चला जन्मते, म्हणजे अंगठी नष्ट झाली त्याच तारखेला. आणि त्याच सप्टेंबरात फ्रोडो जहाजावर चढून निघून जातो.

एकूण अडीच वर्षं. बोट गेलं ते सगळ्यांना दिसतं, 'नऊ बोटांचा फ्रोडो' म्हणून गाणीही होतात. पण वर्षातले दोन दिवस त्याच्याकडून कोण घेऊन गेलं, हे शायरमध्ये, त्याच्या स्वतःच्या मुलखात, कुणाला माहीत नव्हतं. मोहिमेतले सोबती मेरी आणि पिपिन चकचकीत चिलखतं घालून, गाणी म्हणत गावोगाव हिंडायचे, लोक त्यांच्यावर जीव टाकायचे. फ्रोडो साध्या कपड्यांत घरी बसायचा. आपल्याच मुलखात त्याला किती कमी मान आहे, हे बघून सॅमला वाईट वाटायचं, असं पुस्तकातच आहे.

मला विचारायचंय ते हे. वीराने काय गमावलं हे मोजताना आपण मृत्यू मोजतो, तुटलेला अवयव मोजतो. ज्याने गाव वाचवलं त्याला त्या गावात राहता येऊ नये, याचं मोजमाप कसं करायचं? तुम्ही वाचलेल्या अशा अंधाऱ्या जगांतल्या कुणाची किंमत तुमच्या मनात राहिली, ते लिहा. फ्रोडोच असला पाहिजे असं नाही.

---

घाटमाथा | ६ ऑक्टोबर, रात्री ११:०२

मांडणी आवडली, पण मूळ गृहीतकच पटत नाही. फ्रोडो वीर कसा? ऐन कड्यावर उभा राहून त्याने अंगठी टाकायला नकार दिला. ती माझी आहे म्हणाला आणि बोटात घातली. अंगठीच्या मागे लागलेल्या गॉलमने बोट तोडलं, गॉलमचाच तोल गेला, म्हणून जग वाचलं. ज्याने शेवटच्या क्षणी हात टेकले त्याला वीर म्हणायचं तर सॅमला काय म्हणायचं?

---

पायवाट | ६ ऑक्टोबर, रात्री ११:४०

घाटमाथा, हा प्रश्न टॉल्किनला वाचकांनीही विचारला होता आणि १९६३च्या एका पत्रात त्याने त्याचं सविस्तर उत्तर लिहिलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की त्या जागी, त्या क्षणी, कुणाचीही इच्छाशक्ती टिकली नसती. फ्रोडोने जेवढं होतं तेवढं सगळं खर्चून अंगठी तिथवर आणली. त्यापुढचं त्याच्या हातात नव्हतं. आणि आधी त्याने गॉलमवर दया केली, मारायची संधी असून मारलं नाही, म्हणूनच गॉलम तिथे होता.

पण तुमच्या प्रतिसादाने मला दुसरीच गोष्ट दिसली. तुम्ही फ्रोडोला जे म्हणताय तेच फ्रोडो स्वतःला म्हणत असणार. त्या पत्रात हेही आहे: त्याच्या मनात अपराधीपणा होता, आपण मोडलो ही टोचणी होती. आणि त्याहून कठीण म्हणजे अंगठी नष्ट झाली याची हळहळ होती. तेरा मार्चला अंथरुणात 'सगळं गेलं' म्हणतो ते कशाबद्दल? अंगठीबद्दल. ज्या वस्तूने माणसाला आतून पोखरलं, तिचीच ओढ त्याला लागून राहते. हे तो सांगणार कुणाला? 'मला ती परत हवीय' असं शायरमध्ये कुणाजवळ बोलता आलं असतं?

---

काळा_कातळ | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

धागा वाचून रात्रभर डोक्यात 'बर्सर्क'चा नायक गट्स फिरत होता, म्हणून लिहितोय.

फ्रोडोच्या जगात निदान प्रेम करणारी माणसं आहेत, पश्चिमेला जाणारं जहाज आहे. केंतारो मिउराच्या 'बर्सर्क'मध्ये तसलं जहाज नाही. १९८९पासून ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, येतेय. गट्सचा डावा हात कोपराखालून गेलाय, उजवा डोळा गेलाय. ज्या मित्राला त्याने सगळं दिलं, त्या ग्रिफिथनेच सगळ्या सोबत्यांचा बळी देऊन स्वतःसाठी देवत्व मिळवलं. गट्सच्या मानेवर बळीची खूण आहे. पिशाच्चं जवळ आली की तिच्यातून रक्त येतं, आणि रात्र झाली की ती येतातच. म्हणजे या माणसाला रात्रीची झोप नाही. कुणाच्या घरी आसरा घ्यायचा तर त्या घरावर संकट आणायचं. वाटेत कुणी आपुलकीने गाडीत घेतलं, तर रात्री तीच माणसं मरतात.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मात्र वेगळंच आहे. कास्का, त्याची प्रिय व्यक्ती, त्या रात्रीनंतर भान हरपून बसते. गट्स तिला लोहार गोदोच्या गुहेत ठेवतो आणि सूड घ्यायला निघून जातो. दोन वर्षं. परत आल्यावर म्हातारा गोदो त्याला सुनावतो. त्याच्या बोलण्याचा अर्थ असा, की दुःखाशेजारी बसणं तुला सोसलं नाही म्हणून तू द्वेषाकडे पळालास. तलवार घेऊन राक्षसांवर धावून जाणं हे पळून जाणं असू शकतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्या पानावर कळलं.

आणि पुढे कितीतरी वर्षांनी, कितीतरी खंडांनंतर, कास्काचं भान परत येतं. वाचक म्हणून आपण याच क्षणासाठी थांबलेलो असतो. आणि तिला गट्सकडे बघता येत नाही. त्याचा चेहरा दिसला की ती रात्र तिच्या अंगावर येते. तो तिला वाचवत वाचवत इथवर आला आणि आता तिच्यासाठी तोच जखमेची आठवण झाला. पायवाट, तुमच्या प्रश्नाचं मोजमाप मला इथे दिसतं.

मिउरा ६ मे २०२१ला गेले, ५४व्या वर्षी, गोष्ट अर्धी टाकून. शेवट त्यांनी मित्राला, कोजी मोरी यांना सांगून ठेवला होता, त्यामुळे २०२२पासून ती पुढे सुरू आहे. ही बातमी वाचली त्या दिवशी मी ऑफिसात कुणाशी बोललो नाही.

---

निंबोणी | ७ ऑक्टोबर, दुपारी १:१०

काळा_कातळ, गोदोचं ते पान मी वाचलेलं नाही, पण तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

मी सॅमबद्दल लिहिते. माझ्या नवऱ्याचं मोठं आजारपण झालं आणि तीन वर्षं मी त्यांच्या उशाशी होते. त्यामुळे पायवाट यांनी लिहिलेलं ते वाक्य, तारीख नंतर आठवली हे, मला फार जवळचं वाटलं. सॅमचा हा दोष नाही. त्याला बायको आहे, गावभर लावलेली झाडं आहेत, येणारं मूल आहे. शुश्रूषा करणाऱ्याला जगात परत यावं लागतं. आणि तो परत आला की ज्याची शुश्रूषा केली तो मागे राहतो. फ्रोडोला हे कळलेलं आहे. म्हणून तो लपवतो. तो सॅमला सांगतो ना, की तुला कायम दोन तुकड्यांत जगता येणार नाही, तुला अखंड व्हायला हवं. स्वतः अखंड होऊ न शकणारा माणूस हे म्हणतो.

आमच्या घरी हे कधी कुणी कुणाला बोललं नाही. पण ह्यांनी एक दिवस मला सांगितलं, तू भिशीला जात जा, मी बघतो माझं. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं ते तेच सांगत होते.

---

जुना_दगड | ७ ऑक्टोबर, रात्री ८:३५

वय झालेल्या माणसाने मध्ये बोलावे की नाही असे वाटत होते, पण विषय जिव्हाळ्याचा आहे.

भरून न येणारी जखम म्हटली की आपल्याला अश्वत्थामा आठवतो. आमच्या लहानपणी आजी सांगायची, तो अजून फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत दारोदार येतो. पण नीट पाहिले तर त्याची जखम शिक्षा आहे. झोपलेल्या पोरांना त्याने मारले, गर्भावर अस्त्र सोडले. आपल्या मनात भळभळणारी जखम ही बहुधा पापाशी जोडलेली असते. फ्रोडोच्या खांद्यातल्या जखमेमागे असे कुठलेही पाप नाही. बहुधा म्हणूनच ती आपल्याला अस्वस्थ करते. आणि म्हणूनच घाटमाथा यांच्यासारखे वाचक त्याच्यात चूक शोधतात, कारण चूक सापडली की जखमेचा अर्थ लागतो. हे मी त्यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही, मीही तसाच वाचत आलो.

फ्रोडोच्या अधिक जवळचा मला युधिष्ठिर वाटतो. युद्ध जिंकले, आणि शांतिपर्वाच्या सुरुवातीला तो राज्य नको म्हणतो. कर्ण आपला भाऊ होता हे त्याला युद्ध संपल्यावर कळते. त्याला वनात जायचे असते. पण त्याच्याभोवती किती माणसे आहेत पाहा. भाऊ समजावतात, द्रौपदी सुनावते, व्यास येतात, कृष्ण येतो, शरशय्येवरचे भीष्म तर केवढे बोलतात. त्याचा शोक सगळ्या दरबाराचा विषय होतो. आणि तो पुढे छत्तीस वर्षे राज्य करतो. फ्रोडोला कुणी बोलायलाच बसले नाही. त्याला तीन वर्षेही राहता आले नाही.

---

दिवेलागण | ८ ऑक्टोबर, रात्री १२:१८

खेळाचं उदाहरण चालेल का? 'डार्केस्ट डंजन' नावाचा संगणकावरचा खेळ आहे, २०१६चा. तुम्ही वीरांची टोळी तळघरांत, भग्न वाड्यांत पाठवता. त्यात जिवाबरोबर ताणही मोजला जातो. ताण शंभरावर गेला की माणूस बहुतेकदा मोडतो. कुणी भेदरट होतो, कुणी स्वार्थी, कुणी सोबत्यांना टाकून बोलायला लागतो. क्वचित एखादा उलट उभारी धरतो. दोनशेवर गेला की हृदयच बंद पडायला येतं.

गावात परत आणल्यावर त्यांना बरं करता येतं. दारूचा गुत्ता आहे, मठ आहे, वेड्यांचा दवाखाना आहे. पण प्रत्येकाला पैसे पडतात. आणि दर आठवड्याला घोडागाडीतून नवे वीर फुकट येतात. म्हणजे मोडलेल्याला बरं करण्यापेक्षा त्याला काढून टाकणं स्वस्त. मी कित्येकांना काढलं. एक बाई होती, तिने माझी पहिली मोठी मोहीम जिंकून दिली होती. तिला अंधाराची भीती बसली आणि मी तिला टोळीतून काढलं, बटण दाबून. तिला नाव मीच दिलेलं होतं.

शेवटच्या अंधारकोठडीत जे एकदा मोहीम पूर्ण करून परततात ते पुन्हा तिथे पाऊल टाकायला नकार देतात. खेळाच्या नेहमीच्या प्रकारात तो नियमच आहे. सुरुवातीला मला हा नियम छळ वाटला. आता वाटतं, खेळ बनवणाऱ्यांनी निदान एका जागी त्या माणसांना 'नाही' म्हणू दिलं.

या धाग्यातलं शायर मला त्या खेळात सापडलं. तिथे शायर मी होतो.

---

घाटमाथा | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

जुना_दगड काका, तुमचं म्हणणं मान्य. चूक सापडली की बरं वाटतं, हे खरं आहे. मी रात्री शेवटची प्रकरणं पुन्हा वाचली.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. चित्रपटात शायर जसंच्या तसं आहे. पुस्तकात तसं नाही. ते परत येतात तेव्हा झाडं तोडलेली, घरं पाडलेली, गुंडांचं राज्य. बायवॉटरच्या चकमकीत एकोणीस हॉबिट मरतात. आणि फ्रोडो त्या चकमकीत तलवार उपसत नाही. शरण आलेल्यांना आपल्या माणसांनी मारू नये, एवढंच तो बघत राहतो. तेव्हा मला हे नेभळट वाटलं होतं. काल वाटलं, याच्याकडे आता मारण्यापुरताही राग शिल्लक नाही.

चित्रपटातलं एक दृश्य मात्र पुस्तकाच्या तोडीचं आहे. गुत्त्यात चौघे बसलेत, आजूबाजूला दंगा, लोक एका मोठ्या भोपळ्याचं कौतुक करतायत. कुणी या चौघांना काही विचारत नाही. चौघे एकमेकांकडे बघतात आणि पेले टेकवतात.

---

पायवाट | ८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

घाटमाथा, परत वाचलंत, मनापासून आभार.

हे सगळं टॉल्किनला कुठून कळलं असेल याचा विचार करतो तेव्हा १९१६ आठवतं. तो पहिल्या महायुद्धातल्या सॉमच्या लढाईत संदेशवहन अधिकारी होता. खंदकातल्या तापाने आजारी पडून नोव्हेंबरात इंग्लंडला परत आला. शाळेपासूनच्या चौघा मित्रांचा त्यांचा गट होता. त्यातला एक लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला गेला, दुसरा त्याच डिसेंबरात. आपली गोष्ट कुठल्या युद्धाचं रूपक नाही, हे तो ठामपणे सांगायचा आणि ते मी मानतो. पण १९१८पर्यंत आपले एक सोडून सगळे जवळचे मित्र गेले होते, हेही त्यानेच प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. परतल्यावर गाव तेच असतं आणि आपण ते नसतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

---

रानजाई | ९ ऑक्टोबर, रात्री ११:५५

मी इथे वाचते फक्त, लिहीत नाही. मूळ पुस्तकही वाचलेलं नाही, चित्रपट पाहिलेत. पण तारखांचं वाचलं आणि झोप येईना.

माझे वडील फौजेत होते. आमच्या गावात घरटी एक तरी फौजी. आप्पा एकाहत्तरच्या युद्धाला गेले होते. डिसेंबरातली एक तारीख आहे, त्या दिवशी ते रात्री जेवत नाहीत. गोठ्यात जाऊन बसतात. आई ताट झाकून ठेवायची आणि आम्हाला सांगायची, आज आप्पांना हाक मारायची नाही. आम्हाला वाटायचं उपास असेल. पुढे मोठी झाल्यावर समजलं की उपास नाही, पण विचारायची पद्धत घरात पडलीच नव्हती.

पंधरा ऑगस्टला त्यांना शाळेत बोलवतात. पोरं विचारतात, आजोबा किती मारले? ते हसतात आणि पोरांना गोळ्या वाटतात. मी तिथे उभी असते. मीही कधी वेगळं काही विचारलेलं नाही. मी आता पन्नाशीला आले.

फ्रोडोने तो पांढरा खडा मुठीत धरला होता असं लिहिलंय. आप्पा गोठ्यात गाईच्या मानेवर हात ठेवून बसतात.

---

निंबोणी | १० ऑक्टोबर, सकाळी ६:४०

रानजाई, लिहिलंत हे फार बरं केलंत. आप्पांना माझा नमस्कार सांगा. कशाबद्दल ते सांगायची गरज नाही.

---

काळा_कातळ | १० ऑक्टोबर, सकाळी १०:०५

रानजाई ताई, गोदो म्हणतो तसं शेजारी बसणं हेच कठीण असतं. तुमच्या आईने ते इतकी वर्षं केलं, ताट झाकून.

---

रानजाई | १७ डिसेंबर, दुपारी ३:२०

धागा वर काढते, माफ करा.

या वर्षी त्या तारखेला मी माहेरी गेले. आई जाऊन चार वर्षं झाली, ताट मीच झाकलं. मग गोठ्यात गेले. त्यांनी काही म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी पेंडीच्या पोत्यावर बसले. गार वारा होता, त्यांची घोंगडी त्यांनी अर्धी माझ्याकडे सरकवली.

खूप वेळाने मी विचारलं, आप्पा, आज कोण?

त्यांनी एक नाव सांगितलं. शेजारच्या तालुक्यातला पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, आणि त्याला गूळ फार आवडायचा, एवढं सांगितलं. नाव इथे लिहीत नाही. जेवले नाहीतच. पहाटे उठून आत आले आणि चहा मागितला, गुळाचा.